मी टेकत नाही

मी टेकत नाही. ओळख करून द्यायची तर ती इथूनच करून देते.

भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या शिड्या वेगळ्या. त्यांच्याविषयी मला वाईट बोलायचं नाही, पण भिंत नसली की त्यांची काय अवस्था होते ते मी पाहिलेलं आहे. मी चार पायांची. पाय फाकवले की माझी मीच उभी. रंगारी लोक मला घोडा म्हणतात. आणि मी उभी राहते ती कुणाच्या दिवाणखान्यात नव्हे, तर अमेरिकेतल्या नेवाडाच्या उघड्या वाळवंटातल्या पिरॅमिड तलावात, भर हिवाळ्यात, अर्धी पाण्याखाली आणि डोक्यावर एक माणूस बसवून.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकड्यांनी निघाल्या असतील. त्याचं मला काही कौतुक नाही. माझं सुरुवातीचं आयुष्य एका शाळेच्या भिंती रंगवण्यात गेलं. मग एक दिवस शाळेची बस मागे आली आणि माझा एक पाय वाकला. रंगाऱ्याने मला कचऱ्याच्या ढिगावर फेकलं. त्याच शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारी अर्डिस नावाची बाई होती. तिने मला उचललं, उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाली, "पाय वाकलाय, कणा नाही वाकलेला." माझा खरा जन्म तिथे झाला असं मी धरते.

अर्डिसने गॅरेजमध्ये माझा पाय सरळ केला. वाळूत रुतू नयेत म्हणून चारही पायांना पत्र्याच्या रुंद चकत्या लावल्या. डोक्यावर मोडक्या ट्रॅक्टरची सीट बसवली. मग नवऱ्याला हाक मारली, "व्हर्डेल, ये. तुझी दुसरी बायको तयार आहे."

व्हर्डेल तिचा नवरा. पायूट या तिथल्या आदिवासी जमातीचा, ताडमाड उंच, आणि धंद्याने गाईड. तलाव पायूट लोकांचा. इथे गळ टाकायला कुठूनही या, परवाना त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. व्हर्डेल लोकांना ट्राउट मासे धरायला नेतो. इथला ट्राउट हिवाळ्यात किनाऱ्याजवळ येतो. छातीभर पाण्यापर्यंत वाळू सपाट जाते आणि मग एकदम तुटते. त्या कड्याच्या धारेने मासे फिरतात. बर्फासारख्या पाण्यात दिवसभर उभं कोण राहणार? म्हणून त्या धारेवर शिडी रोवायची आणि वर बसून गळ फेकायचा. उजाडायच्या आत किनाऱ्यावर गाड्या लागतात, आणि उजाडतं तेव्हा पाण्यात शिड्यांची रांग उभी असते. जिथे शिडी, तिथे त्या दिवसापुरता तिच्या मालकाचा हक्क. दोन शिड्यांच्या मध्ये घुसणाऱ्याला इथे कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

हा मासा एकदा तलावातून पार नाहीसा झाला होता. वर नदीचं पाणी वळवलं गेलं आणि माशांना अंडी घालायला जायची वाटच बंद झाली. पुष्कळ वर्षांनी त्याच वंशाचे मासे दूरच्या एका डोंगरातल्या ओढ्यात सापडले आणि परत आणून सोडले. त्यामुळे इथे मोठा मासा लागला की रांगेतले सगळे आपापले गळ आवरतात आणि बघत राहतात. व्हर्डेलची आई लांबून घरी आलेल्या नातेवाइकाला विचारावं तसं त्या माशाला विचारायची, "आलास का बाबा?" मला ते फार आवडायचं.

व्हर्डेलची एक सवय होती. मोठा मासा जाळ्यात आला की तो पाण्यातच माझ्या पायाला समांतर धरायचा आणि शेपूट खालच्या पायरीशी लावून जबडा जिथे येईल तिथे कानशीने एक रेघ ओढायचा. मग मासा सोडून द्यायचा. माझ्या पुढच्या डाव्या पायावर अशा पुष्कळ रेघा आहेत. सगळ्यांत वरची त्याच्या स्वतःच्या माशाची. नवीन चकचकीत शिड्या शेजारी येऊन उभ्या राहतात, गाद्या काय, कप ठेवायला खाच काय! पण अंगावर एक रेघ नाही. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

त्या वरच्या रेघेच्या दिवशीच व्हर्डेल बुडता बुडता वाचला होता. मासा लागला की माणसाची अक्कल गळाच्या टोकाला जाऊन बसते. मासा गोल फिरला, हा सीटवर त्याच्याबरोबर फिरला, पुन्हा फिरला, आणि मासा जाळ्यात आल्यावर खुशीत खाली उतरला, तो किनाऱ्याच्या बाजूने नव्हे, तलावाच्या बाजूने. पायऱ्या तिकडे नव्हत्याच. तिकडे नुसता तलाव होता. रबरी पोशाखात पाणी भरलं आणि गडी दगडासारखा खाली गेला. शेजारच्या दोघांनी जाळ्याच्या दांड्याने कॉलर पकडून ओढून काढला.

किनाऱ्यावर अर्डिसने त्याला घोंगडीत गुंडाळलं. आधी रडली. मग म्हणाली, "आजचा सगळ्यांत मोठा मासा तूच की रे! तुझी रेघ कुठे मारू?"

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पायऱ्यांकडचे दोन पाय लालभडक रंगवले. लाल म्हणजे किनारा. आणि तलावाच्या बाजूला, बसणाऱ्याच्या नडगीला लागेल असा एक नळीचा कठडा जोडला. सगळा किनारा हसला. "व्हर्डेल, बाळाची खुर्ची आणलीस का रे? बाळाला भरवायला कोण येणार?" व्हर्डेलचे कान लाल झाले, पण कठडा काढायची त्याची छाती झाली नाही. अर्डिसला तो ओळखून होता. मी मात्र तो कठडा दागिन्यासारखा मिरवला.

असे बरेच हिवाळे गेले. मग व्हर्डेलचा गुडघा गेला. डॉक्टरांनी नवीन बसवला आणि सांगितलं, थंड पाण्यात पुन्हा उभं राहायचं नाही. तो गॅरेजमध्ये माझ्याकडे बघत बसायचा. त्याच सुमाराला त्याची मुलगी नोरीन रीनो शहरातल्या गोदामातली नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, "तुमचं काम मी करते."

व्हर्डेल हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

"तुझ्या आईवर गेलीस तू, उंचीने. धारेवर पाणी माझ्या कमरेला लागतं, तुझ्या छातीला लागेल. लाट आली की हनुवटीला. तलावाला उंची लागते, पोरी."

"शिडी कशासाठी असते मग?"

"शिडी गिऱ्हाइकासाठी असते. गाईड पाण्यात उभा असतो."

नोरीन लहानपणापासून त्याच्याबरोबर तलावावर यायची. वारा कुठून फिरणार ते तिला त्याच्या आधी कळायचं. पण बाप तो बाप. शेवटी अर्डिसने स्वयंपाकघरातून आवाज टाकला, "एक दिवस देऊन तर बघ तिला! नाही जमलं तर मोडीत घाल सगळं." तेव्हा व्हर्डेलने अट घातली. त्याचं जुनं गिऱ्हाईक मार्सेल उर्रुटी जानेवारीत येणार होतं. त्याला नोरीनने घेऊन जायचं. तो कोरड्या अंगाने आणि मासा धरून परत आला तर धंदा तिचा. नाही तर माझ्यासकट सगळं सामान विकून टाकायचं आणि तिने परत गोदामात जायचं.

मोडीत गेलेल्या शिड्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पण खोटं कशाला बोलू, मला भीती माझी नव्हती. त्या पोरीने लहानपणी माझ्या खालच्या पायरीवर बसून बूट काढलेले आहेत. तिचं हसं झालेलं मला बघवलं नसतं.

मार्सेल म्हणजे युरोपातून आलेल्या बास्क मेंढपाळाच्या घरातला म्हातारा. बोलणं कमी, लसूण जास्त. किती हिवाळे माझ्यावर बसला, पण रेघ मारावी असा मासा त्याला कधीच लागला नाही. त्याची त्याला तक्रारही नव्हती. या खेपेला त्याने जावयाला बरोबर आणलं होतं. कर्ट त्याचं नाव. गरम पाण्याचे टब विकायचा आणि सगळ्या जगाला टब विकायचाच आहे अशा आवाजात बोलायचा. त्याने स्वतःची कोरी करकरीत शिडी आणली होती.

अंधारात गाडीचे दिवे विझवून नोरीन मला खांद्यावर घेऊन निघाली, तेव्हा कर्ट म्हणाला, "बाई, गाईड मागून येतोय का?"

"मागून वारा येतो," नोरीन म्हणाली. "गाईड मीच."

मार्सेल हसला. "गप बस कर्ट. ही एवढीशी होती तेव्हापासून बघतोय मी हिला."

किनाऱ्यावर पिकअपमध्ये व्हर्डेल बसला होता. गाडीतून उतरायचं नाही असं अर्डिसने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं आणि ते मोडू नये म्हणून स्वतः शेजारी बसली होती. मांडीवर चिलगोज्याच्या, म्हणजे पाइनच्या बियांच्या, सुपाचा थर्मास.

नोरीनने मला धारेवर उभं केलं. लाल पाय किनाऱ्याकडे. चारही पाय तिने एकेक करून दाबले, माझ्यावर चढून दोनदा अंग हलवलं, मगच मार्सेलला वर घेतलं. कर्टची शिडी तिने त्याआधीच लावून दिली होती, ती त्याने पुन्हा दोन पावलं पुढे नेली. "मासे पुढे असतात ना!" नोरीनने ती परत मागे आणली. पाणी तिच्या छातीला लागत होतं. ती दोन्ही शिड्यांच्या मध्ये उभी राहिली, आणि किनाऱ्यावरून दोन डोळे तिच्यावर रोखलेले मला जाणवत होते.

सकाळ शांत गेली. थंडी अशी की काठीवर दोरी जाते त्या कड्यांत बर्फ धरत होतं आणि मार्सेल ते तोंडात धरून वितळवत होता. कर्टला दोन बेताचे मासे लागले आणि त्याने त्यांचे इतके फोटो काढले की मासेच कंटाळले असतील. मार्सेलला काही नाही. तो गळ फेकायचा, हळूहळू ओढायचा, पुन्हा फेकायचा. माणसाची ही एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. सकाळपासून हात रिकामा असतो आणि प्रत्येक फेकीला तोंडावर तोच उजेड.

दुपारी नोरीनने मान वर केली आणि वास घेतल्यासारखी दक्षिणेकडे बघत राहिली. पाणी अजून गुळगुळीत होतं.

"उतरा दोघं. वारा फिरतोय. शिड्या उचलून पुन्हा रोवायच्या."

हे काम इथे सगळ्यांत मोठं. लाटा आल्या की पायांखालची वाळू निघून जाते. शिडी वरून सरळ दिसते आणि खाली पोकळ झालेली असते. म्हणून वारा फिरला की उतरायचं, शिडी उपटायची, नव्या वाळूत रोवायची. व्हर्डेलचा नियमच होता, पाण्यात गाईडचा शब्द शेवटचा. मग तो गिऱ्हाइकाला असो नाही तर गव्हर्नरला.

"कुठाय वारा?" कर्ट म्हणाला. "आत्ताच कुठे मासे लागताहेत!"

"उतरा म्हटलं ना? टब नाहीये हा, पाणी गार आहे."

कर्ट कुरकुरत उतरला. तेवढ्यात पहिली लाट आली. त्याची शिडी उपटायला नोरीन तिकडे गेली. जाताना ओरडली, "मार्सेलकाका, तुम्हीपण!"

"एकच फेक," मार्सेल म्हणाला.

एकच! माझ्यावर बसलेल्या कुठल्याही माणसाने कधी दोन म्हटलेलं नाही. सगळे एकच म्हणतात. त्याने फेकला, आणि गळ पाण्यात पडून बुडतो न बुडतो तोच काठी अशी वाकली की मी पायापर्यंत थरारले. इतका जोर मला एकदाच लागला होता, वरच्या रेघेच्या दिवशी.

रांगेतले गळ आवरले गेले. लाटा वाढत होत्या. मासा आधी खोल गेला, मग वळून उथळ पाण्यात शिरला, माझ्या मागून, पुढून. मार्सेल सीटवर फिरला. पुन्हा फिरला. फवारे तोंडावर येत होते, चष्म्यावर पाणीच पाणी. आणि तेवढ्यात माझ्या एका बाजूच्या पायांखालची वाळू गेली.

मी कललेय. हे मला आयुष्यात कधी म्हणावं लागलं नव्हतं. मी सगळा जोर लावला, पण शिडी म्हटली तरी तिला खाली काहीतरी लागतंच. मार्सेलला ते कळलं आणि तो घाबरला. काठी न सोडता पायाने पायरी शोधू लागला, तलावाच्या बाजूला. बरोबर तिथेच, जिथून व्हर्डेल गेला होता.

नडगी कठड्यावर आपटली. "आई गं!" तो ओरडला आणि थांबला. बाळाची खुर्ची म्हणून हसलेल्यांनी ते पाहिलं की नाही मला ठाऊक नाही.

"काका, बसा!" नोरीन पाण्यातून येत होती, धावता येत नाही अशा ठिकाणी धावत. "उतरायचं नाही! बसून राहा! मी आहे खाली!"

ती मी कलत होते त्या बाजूला आली, पाय वाळूत रोवले आणि खांदा माझ्याखाली घातला. तिचा खांदा बरोबर माझ्या चौथ्या पायरीला आला. वाकावं लागलं नाही, टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. उंच माणसाला तिथे लाटेत कंबरेत वाकावं लागलं असतं आणि लाटेने त्याला आडवा केला असता. ही सरळ उभी होती, आणि सगळा भार तिच्या खांद्यावरून टाचांपर्यंत सरळ गेला. लाट हनुवटीवरून गेली. तिने पाणी थुंकलं आणि वर ओरडली, "माझ्याकडे नका बघू, माशाकडे बघा! पळतोय तर पळू दे!"

किनाऱ्यावर पिकअपचं दार उघडलं. व्हर्डेल उतरला होता. अर्डिस त्याच्या कोटाला धरून ओढत होती आणि तो तिला ओढत पाण्याकडे येत होता. नवा गुडघा पाण्यात गेला.

"बाबा, मागे व्हा!"

तो थांबला नाही. आणखी एक पाऊल.

"बाबा! पाण्यात गाईडचा शब्द शेवटचा! मागे व्हा!"

व्हर्डेल थांबला. मी त्याला किती हिवाळे ओळखते, त्याने पाण्यात कुणाचं ऐकलेलं मला आठवत नाही. तो थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि एकेक पाऊल मागे टाकत कोरड्या वाळूवर जाऊन उभा राहिला. शाळेतल्या पोरासारखा. त्या क्षणी धंदा कुणाचा झाला ते सगळ्या रांगेला कळलं. त्यालाही.

पुढे काय, मासा दमला. कर्ट, ज्याला मी इतकी नावं ठेवली, तोच जाळं घेऊन आला आणि नोरीन सांगेल तसं तसं त्याने ते पाण्यात धरलं. "खाली धर. हलवू नकोस. तोंड बंद." त्याने तिन्ही गोष्टी केल्या. मासा आत आला. लालसर गाल, ठिपकेदार पाठ, आणि लांब असा की जाळं आखूड पडलं. नोरीनने एका पायाने माझ्या पायांखाली वाळू सारली, मार्सेलला लाल बाजूने एकेक पायरी उतरवलं आणि मगच खांदा काढला. सासऱ्याला उतरलेला पाहून कर्टने "जिंकलो!" म्हणून एक हात वर केला, आणि मागच्या मागे त्याची रिकामी करकरीत शिडी लाटेने पाण्यात आडवी झाली.

मासा माझ्या पायाला लावून मोजला. मार्सेलने माशाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली, काहीतरी त्याच्या भाषेत पुटपुटला आणि हात काढून घेतला. मासा थोडा वेळ तिथेच राहिला. मग शेपटी मारून निघून गेला.

"माझ्या रेघेच्या वर गेला!" किनाऱ्यावरून व्हर्डेल ओरडला.

"बोटभर कमी आहे!" नोरीन ओरडली.

"इथून मला दिसतंय, वर गेला!"

"इथून मी मोजलाय, बाबा. कमी आहे."

अर्डिस म्हणाली, "मुलगी तुझ्यापेक्षा खरं बोलते. धंदा बुडणार आता."

किनाऱ्यावर मार्सेल घोंगडीत बसून चिलगोज्याचं सूप प्यायला. नोरीन त्याच्या शेजारी दात वाजवत बसली होती. लसणाची भाकरी त्याने अर्धी तोडून तिला दिली. तिचा उजवा खांदा सुजला होता. व्हर्डेलने मला पाण्यातून आणलेलं पाहिलं, खिशातून कानस काढली आणि मार्सेलच्या माशाची रेघ ओढली, बोटभर कमी, नोरीनने दाखवलं तिथेच. मग कानस खिशात घालायच्या ऐवजी तो नोरीनला म्हणाला, "उभी राहा."

"कशाला?"

"गाईडला प्रश्न विचारला तर चालत नाही, बापाला विचारला तर चालतो का? उभी राहा म्हटलं ना!"

ती माझ्या बाजूला उभी राहिली. व्हर्डेलने तिचा सुजलेला खांदा माझ्या पायाशी नेला, अलगद, आणि तिथे, चौथ्या पायरीशी, कानशीने एक रेघ ओढली. त्याच्या स्वतःच्या माशाच्याही वर. बराच वेळ तो ती घासत राहिला, गरज नसताना. अर्डिस तलावाकडे बघत होती आणि नाक पुसत होती.

आता नोरीनचा धंदा जोरात चालतो. हिवाळ्यात तिच्याकडे जागा मिळत नाही. मी अजून तिच्याबरोबर पाण्यात जाते. सीट बदलली आहे, लाल रंग दरवर्षी नवीन लागतो, कठडा आहे तिथेच आहे. माझ्यावर बसायला आलात तर दोनच गोष्टी सांगते. उतरताना लाल बाजूने उतरा, आणि ती उतरा म्हणाली की "एकच" म्हणू नका.

आणि कुणी माझ्या पायावरच्या रेघा पाहून विचारतं, सगळ्यांत वरची कुठल्या माशाची? नोरीन काही सांगत नाही, नुसता खांदा चोळते. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. मी चार पायांची शिडी. मी भिंतीला टेकले नाही, झाडाला टेकले नाही. एकदाच टेकले, आणि ज्या खांद्याला टेकले त्याची ती खूण आहे.